लेकीला वूलिच स्टेशनवरच भेटा

वाचक लिहितात:

"मी सांगलीची, वय ६१, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगी लंडनला नर्स आहे, वूलिच भागात राहते. जूनमध्ये सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे चालले आहे. मुंबईहून थेट विमान आहे, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला हीथ्रोच्या टर्मिनल २ वर उतरतं. नेमकी त्या दिवशी तिची लांब ड्यूटी आहे, सकाळपासून रात्री आठपर्यंत. ती म्हणते, रजा टाकून घ्यायला येते. धाकटे दीर म्हणतात, विमानतळावरच बसून राहा, ड्यूटी सुटली की ती येईल. नणंद म्हणते, व्हीलचेअर मागव, म्हणजे ते लोक हाताला धरून नेतात. मला खरं तर एकटीनं तिच्यापर्यंत जायचं आहे, पण धीर होत नाही. यजमान होते तेव्हा आम्ही एकदा दुबईला गेलो होतो. माझा पासपोर्टसुद्धा त्यांच्याच खिशात होता. इंग्रजी वाचता येतं, पण समोरचा भरभर बोलला की गोंधळते. मिरजेला गाडी बदलायची तरी अजून दोघांना विचारून घेते. माझा हट्ट चुकतोय का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

हट्ट चुकत नाही. मुलीला रजा टाकू देऊ नका आणि चार तास विमानतळावर बसूनही राहू नका. हीथ्रोहून वूलिचला थेट गाडी जाते, एलिझाबेथ लाइनची. मध्ये कुठे उतरायचं नाही, बदलायचं नाही. तुम्ही त्या गाडीनं जा आणि मुलीला वूलिच स्टेशनच्या गेटबाहेर उभं राहायला सांगा.

वेळेचा हिशेबही तुमच्या बाजूचा आहे. विमान साडेसहाला टेकलं तरी पासपोर्टची रांग, बॅगा आणि चालणं धरून फलाटावर पोचेपर्यंत सव्वाआठ वाजतील असं समजा. पुढे गाडीत साधारण तास. म्हणजे तुम्ही सव्वानऊच्या सुमारास वूलिचला, आणि तोवर मुलगी ड्यूटी संपवून सावकाश पोचलेली असेल. जूनमध्ये लंडनला रात्री नऊलाही उजेड असतो, तेव्हा अंधारात अनोळखी जागी उतरायचा प्रश्नच नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. त्या दिवसांत आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. वूलिचला उतराल तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबानं रात्रीचे पावणेदोन झालेले असतील. त्या वेळी माणूस कितीही हुशार असला तरी साधी पाटी दोनदा वाचावी लागते. म्हणून जे जे आज सांगलीत बसून ठरवता येईल ते ते आजच ठरवून टाका, तिथे फक्त ठरल्याप्रमाणे करायचं ठेवा.

पहिलं काम बँकेचं. लंडनच्या गाड्यांना तिकीट काढावं लागत नाही. स्टेशनात शिरताना गेटवरच्या पिवळ्या गोल खुणेवर बँकेचं कार्ड टेकवायचं, उतरल्यावर बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. भाडं आपोआप कापलं जातं. पण आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, या दोन्ही सोयी मुळात बंद असतात. त्या बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन चालू कराव्या लागतात. पेन्शनच्या खात्याला रुपे कार्ड असेल तर त्याच्या भरवशावर जाऊ नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या. सोयी चालू झाल्या की गावातल्या एखाद्या दुकानात पिन न टाकता, नुसतं टेकवून पैसे देऊन बघा. जमलं की ते कार्ड पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. शिरताना एक कार्ड आणि निघताना दुसरं, असं झालं तर यंत्राला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं लागतं. ऐनवेळी कार्डानं दगा दिलाच तर स्टेशनातल्या मशीनवर ऑयस्टर कार्ड मिळतं, त्यात पैसे भरून तेच टेकवायचं.

थोडे रोख पौंड जवळ असू द्या, चाळीस-पन्नास पुरेत. पण कुणी "आमच्या मागच्या सहलीतले उरलेत, घेऊन जा" म्हणून दिले तर आधी हात लावून बघा. कागदी नोटा तिथे आता चालत नाहीत. २० आणि ५० पौंडांच्या शेवटच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या. आताच्या नोटा गुळगुळीत प्लास्टिकच्या असतात. जुन्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये बदलून मिळतात, पण त्या संध्याकाळी तुमच्या काही कामाच्या नाहीत.

दुसरं, एक कागद. मुलीकडून तिचा पूर्ण पत्ता पोस्टकोडासकट मागवा आणि मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून घ्या. खाली तिचा फोन नंबर दोन तऱ्हांनी लिहा. तुमच्या भारतीय सिमवरून लावायचा तर अधिक ४४ आणि पुढे सात, मधला शून्य गाळून. तिथल्या कुणाच्या फोनवरून लावायचा तर शून्य सातपासून. ही गोष्ट बारीक वाटते, पण फोन लागत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या बऱ्याच आई-बाबांची अडचण एवढ्या एका शून्याची असते. त्याच कागदावर परतीच्या विमानाची तारीख लिहा. परतीचं तिकीट, मुलीचं बोलावण्याचं पत्र आणि व्हिसाची छापील प्रत (व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला असो की ई-व्हिसा असो) हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग पासपोर्ट तपासणीनंतर मिळते, तिच्यात ठेवलेला कागद त्या रांगेत असून नसल्यासारखा. फोनवर रोमिंगचा पॅक निघायच्या आधी चालू करा. हीथ्रोवर वायफाय फुकट आहे, त्यामुळे उतरल्याचा मेसेज जाईलच, पण वायफायवर सगळा भार टाकू नका.

आता विमानातून उतरल्यावरचं. हीथ्रोवर पिवळ्या पाट्यांवर काळी अक्षरं असतात. तुमच्या पाटीवर "अरायव्हल्स" लिहिलेलं असेल. जांभळ्या पाट्या पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठी असतात, त्यांच्याकडे बघायचंच नाही. चालणं बरंच आहे. विमानातली माणसं झपाझप पुढे जातात, त्यांच्यामागे धावायची गरज नाही. तुमची गाडी सुटत नाहीये. रांगेत लागण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. रांग कधी वीस मिनिटांत सरते, कधी तासाच्या वर जाते, आणि मध्येच बाहेर पडणं अवघड होतं.

पासपोर्टच्या दालनात स्वयंचलित दारं दिसतील. ती ब्रिटिश, युरोपीय, अमेरिकन आणि आणखी काही मोजक्या देशांच्या पासपोर्टांसाठी आहेत. भारतीय पासपोर्टवाल्यांनी "ऑल अदर पासपोर्ट्स"च्या रांगेत लागायचं आणि अधिकाऱ्यासमोर जायचं. भरायचा फॉर्म नाही, पूर्वीचं लँडिंग कार्ड २०१९ मध्ये बंद झालं. नणंदेनं किंवा शेजारणीनं त्याची धास्ती घातली असेल तर ती सोडून द्या.

अधिकारी काय विचारतो? कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत कधी जाणार. बहुतेक वेळा एवढंच, आणि तेही सगळं नाही. तुम्ही वर्गात पोरांना सांगत असाल ना, विचारलं तेवढंच उत्तर दे, तेच इथे करा. "टू सी माय डॉटर." "सिक्स वीक्स." कागद पुढे करून "हर अ‍ॅड्रेस." खरं आणि थोडक्यात. घाबरून आपण होऊन मुलीची नोकरी, तिच्या लग्नाचं बघणं, गुडघेदुखी हे सगळं सांगत बसू नका. त्यानं प्रश्न वाढतात. बोलणं कळलं नाही तर "स्लोली, प्लीज" म्हणा. त्यात कमीपणा काहीच नाही, तो माणूस दिवसभर जगभरच्या लोकांशी बोलत असतो. तरीही जमेना तर "मराठी इंटरप्रिटर, प्लीज" म्हणायचं. फोनवर दुभाषी बोलावण्याची त्यांची पद्धत आहे. नुसतं हो-हो करून मान मात्र डोलावू नका. न कळलेल्या प्रश्नाला दिलेलं "येस" पुढे निस्तरणं फार कठीण जातं.

तिथून बॅगांच्या पट्ट्यावर. ट्रॉली फुकट असते. बॅग आलीच नाही तर त्याच दालनात विमान कंपनीच्या लोकांकडे नोंद करा, तशाच बाहेर पडू नका.

मग कस्टम्स. इथे मला तुम्हाला कळकळीनं सांगायचं आहे, कारण आईची बॅग कशी भरली जाते ते आपल्याला ठाऊक आहे. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरचं कढवलेलं साजूक तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही, खवा नाही, चक्का नाही. सापडलं तर काढून घेतात. लेकीसाठी महिनाभर साय साठवून काढलेलं तूप डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये. तुपातल्या लाडवांवरून काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा तेही राहू द्या. लाडू तिच्या स्वयंपाकघरात वळा, तिथे तूप मिळतं. चिवडा, बाकरवडी, चकल्या, मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, पापड हे खुशाल न्या. जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरव्या पाटीच्या वाटेनं सरळ बाहेर पडायचं.

बाहेरच्या हॉलमध्ये कुणी जवळ येऊन "टॅक्सी?" विचारलं तर मान हलवून पुढे चला. लंडनमध्ये खासगी टॅक्सी आधी नोंदवूनच घ्यायची असते आणि काळ्या टॅक्स्या फक्त बाहेरच्या ठरलेल्या रांगेत मिळतात. हॉलमध्ये फिरून गिऱ्हाईक गाठणारा माणूस बेकायदा धंदा करत असतो.

आता पाट्यांवर "ट्रेन्स" शोधायचं. स्टेशन जमिनीखाली आहे, लिफ्ट आहेत, टर्मिनल २ पासून भुयारातून पाच-दहा मिनिटं चालावं लागतं. लक्ष देऊन ओळखायची जागा ही एकच. विमानतळावरून शहरात तीन तऱ्हेच्या गाड्या जातात. पिकॅडिली लाइन ही जुनी ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे, १९७७ पासून हीथ्रोला येते. भाडं सर्वांत कमी, ६ पौंडांच्या आसपास, पण डबे अरुंद आणि मध्य लंडनलाच जवळजवळ तास लागतो. शिवाय वूलिचसाठी गाडी बदलावी लागते. तुमची एलिझाबेथ लाइन २०२२ मध्ये सुरू झाली. रंग जांभळा, डबे रुंद, भाडं पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त. बॅगा आणि रात्रीचे पावणेदोन धरता तेवढे पैसे जरूर खर्च करा. तिसरी हीथ्रो एक्सप्रेस. ती पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते आणि तिथेच संपते. ऐनवेळी काढलं तर २५ पौंड किंवा वर.

गंमत अशी की हीथ्रो एक्सप्रेस आणि एलिझाबेथ लाइन एकाच फलाटावरून सुटतात. एक्सप्रेस आधी आली म्हणून तिच्यात चढलात तर पैसे जास्त जातील आणि पॅडिंग्टनला बॅगा ओढत गाडी बदलावी लागेल. म्हणून फलाटावरच्या फळ्यावर "अ‍ॅबी वुड" दिसेपर्यंत थांबा. ते एलिझाबेथ लाइनचं शेवटचं स्टेशन, वूलिच त्याच्या आधीचं. अ‍ॅबी वुडच्या गाड्या तासाला साधारण चार असतात. काही एलिझाबेथ गाड्या शेनफील्डला जातात. चुकून त्यात बसलात तरी बिघडत नाही, व्हाइटचॅपलपर्यंत दोन्हींचा मार्ग एकच आहे. तिथे किंवा त्याआधीच्या लिव्हरपूल स्ट्रीटला उतरून त्याच फलाटावर मागून येणारी अ‍ॅबी वुडची गाडी धरायची.

इथे तुमची मिरजेची सवय कामाला येईल. दोघांना विचारून खात्री करता ना, तशीच करा. एकदा गणवेशातल्या कर्मचाऱ्याला, एकदा गाडीत शेजारी बसलेल्याला: "वूलिच?" बोलताना वुलिच म्हणायचं, पाटीवरच्या स्पेलिंगमध्ये मध्ये आणखी एक डब्ल्यू दिसेल.

गाडीत बॅगा पायाशी घेऊन बसा. पुढचं स्टेशन पडद्यावर येतं आणि बोलूनही सांगतात. विमानतळाखालच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर गाडी उघड्यावरून जाते, वाटेत साउथॉल लागतं, तिथल्या पाटीवर पंजाबी अक्षरंही दिसतील. पॅडिंग्टनच्या अलीकडे ती जमिनीखाली शिरते. बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट, व्हाइटचॅपल, कॅनरी वॉर्फ. त्यानंतर एकदम बाहेरचा उजेड दिसेल, ते कस्टम हाउस स्टेशन. तिथे उठायची तयारी करा, बॅगांच्या मुठी हातात घ्या. पुढे गाडी थेम्स नदीच्या खालून जाते आणि काही मिनिटांत वूलिच येतं. फलाटाला काचेची भिंत आहे, गाडीच्या दारासमोरच तिची दारं उघडतात. फलाट आणि डबा एका पातळीत असल्यामुळे बॅग उचलावी लागत नाही. लिफ्टनं वर या, तेच कार्ड टेकवा, गेट उघडेल.

मुलीला एक गोष्ट आजच विचारून ठेवा. वूलिचच्या मध्यवस्तीत दोन स्टेशनं आहेत, एक एलिझाबेथ लाइनचं आणि थोड्या अंतरावर वूलिच आर्सेनल. रोजच्या सवयीनं ती दुसऱ्याच स्टेशनला उभी राहिली तर तुम्ही दोघी वेगवेगळ्या गेटवर वाट बघाल. भेटायची नेमकी जागा ठरवा आणि तिला त्या जागेचा फोटो पाठवायला सांगा. तिला उशीर झाला तर तुम्ही गेटच्या आतच थांबायचं की बाहेर, तेही ठरवा. मी म्हणेन आत थांबा, कर्मचारी जवळ असतात.

व्हीलचेअरबद्दल. इंग्रजीची भीती वाटते म्हणून ती मागवायची पद्धत आपल्याकडे पडली आहे, आणि मला ती मान्य नाही. खरोखर चालता न येणारी माणसं त्याच खुर्च्यांची वाट बघत विमानात बसून राहतात. पण तुम्ही पत्रात गुडघ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. लांब चालल्यावर पाय भरून येत असतील, दम लागत असेल, तर नि:संकोच मागवा, तो तुमचा हक्क आहे. निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा आणि "रेल्वे स्टेशनपर्यंत सोडा" असं स्पष्ट सांगा. पाय धड असतील तर चालत जा. आणि स्टेशनात मदत लागली तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगायचं, आधी नोंदवावं लागत नाही, ते गाडीत बसवून देतात आणि उतरायच्या स्टेशनला कळवतात.

पासपोर्ट यजमानांच्या खिशात असायचा, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी जरा थांबले. तेव्हा या महिन्यातच पासपोर्ट कपाटातून काढून पर्समध्ये ठेवायची आणि मागितला की काढून दाखवायची सवय करा, घरातल्या घरात. पुण्याला जाणं झालं तर मेट्रोनं एकटीनं दोन-चार स्टेशनं जाऊन या. गेट उघडणं, फलाटाची दिशा बघणं, वर येऊन बाहेरचा रस्ता शोधणं, हे हाताखालून गेलं की हीथ्रोवर नवीन काही उरत नाही.

राहिली एक शंका, विमानाला उशीर झाला तर? रात्री दहापर्यंत बाहेर पडलात तरी हाच बेत चालेल. अकरा वाजून गेले तर गाडीच्या नादी लागू नका. मुलीला आधीच सांगून ठेवा, तिनं फोनवरून टॅक्सी नोंदवायची आणि गाडीचा नंबर तुम्हाला पाठवायचा. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं असल्यानं खर्च भरपूर येईल, पण त्या रात्री तो करावा.

आणि तुमचं विमान शनिवारचं आहे. लंडनच्या गाड्यांनाही आपल्या लोकलसारखे मेगाब्लॉक असतात आणि ते बहुतेक शनिवार-रविवारीच घेतात. कामांचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. आदल्या सोमवारी मुलीला त्या शनिवारचं एलिझाबेथ लाइनचं बघायला सांगा. मध्ये कुठे बंद असेल तर तुम्ही पिकॅडिली लाइननं ग्रीन पार्कपर्यंत या आणि तिला तिथे बोलवा. त्या स्टेशनला लिफ्ट आहे. हा दुसरा बेतही त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.